तळ्यात की मळ्यात : गोल्फच्या दुसऱ्या फळीतला एक हंगाम

गोल्फविषयी या सदराकडे येणारी पत्रे बहुधा मास्टर्स किंवा यूएस ओपनसारख्या मोठ्या स्पर्धांबद्दल असतात. या वेळी मात्र काही वाचकांनी त्या स्पर्धांच्या एक पायरी खाली चालणाऱ्या कॉर्न फेरी टूरविषयी विचारले आहे. प्रश्न एकमेकांशी जोडलेले असल्याने आम्ही ते एकाच अंकात घेतले आहेत.

प्रश्न : अमेरिकेतल्या कॉर्न फेरी टूरची गुणतालिका मी अधूनमधून पाहतो. एखादा खेळाडू जवळजवळ प्रत्येक आठवड्यात कट, म्हणजे अर्ध्या स्पर्धेनंतरची गाळणी, पार करतो, विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकावर राहतो, तरी तालिकेत तो खालीच दिसतो. दुसऱ्या एखाद्याने मात्र निम्म्या स्पर्धांतून शुक्रवारीच गाशा गुंडाळलेला असतो. पण त्याने एक स्पर्धा जिंकलेली असते, दुसरीत तो उपविजेता ठरलेला असतो आणि तेवढ्यावर तो तालिकेत वर जाऊन बसतो. सातत्याला इथे काही किंमत नाही का? ही टूर कशासाठी आहे आणि तिचा हंगाम कसा चालतो, तेही सांगावे.

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि त्याचे कारण गुणवाटपात आहे. या टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत विजेत्याला ५०० गुण मिळतात, दुसऱ्याला ३०० आणि तिसऱ्याला १९०. दहाव्या क्रमांकापर्यंत येता येता हा आकडा शंभराच्या आत आलेला असतो आणि विसाव्या क्रमांकाच्या खाली तर नुसती चिल्लर उरते. म्हणजे पाच वेळा दहावा आलेल्या खेळाडूचे सगळे गुण एकत्र केले तरी ते एका विजयाइतके होत नाहीत आणि दोनदा तिसरा आलेला खेळाडू एकदाच जिंकलेल्याच्या मागेच राहतो. तुम्ही वर्णन केलेल्या पहिल्या खेळाडूचा हंगाम वाईट नसतो. फक्त त्या हंगामात एकही मोठा आठवडा नसतो.

अशी वाटणी मुद्दाम केलेली आहे. या टूरचे काम वरच्या फळीसाठी, म्हणजे पीजीए टूरसाठी, माणसे निवडण्याचे आहे आणि पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धेतही विजेत्याला ५०० गुणच मिळतात. वर गेल्यावर ज्या मापाने मोजले जाणार, त्याच मापाने खालीही मोजावे, असा त्यामागचा विचार आहे. सातत्याची किंमत वेगळ्या खात्यात जमा होते. हंगामाअखेर पहिल्या ७५ जणांचे या टूरवरचे स्थान पुढच्या वर्षीही कायम राहते. तुमचा विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकाचा खेळाडू त्या यादीत सहसा असतो. पीजीए टूरवर खेळण्याचा हक्क, ज्याला खेळाडू नुसते ‘कार्ड’ म्हणतात, तो मात्र २०२३ आणि २०२४ मध्ये पहिल्या ३० जणांना मिळत होता आणि २०२५ पासून फक्त पहिल्या २० जणांना मिळतो. थोडक्यात, नोकरी टिकवायला सातत्य पुरते, बढतीसाठी ते पुरत नाही.

टूरचा जन्म १९९० सालचा. पीजीए टूरचे तेव्हाचे आयुक्त डीन बीमन यांनी ती सुरू केली, तेव्हा तिला थोर गोल्फपटू बेन होगन यांचे नाव होते. पहिल्या वर्षी तीस स्पर्धा झाल्या. त्या ५४ होलच्या (चेंडू घालायच्या खळग्यांच्या; एका फेरीत अठरा) होत्या, एकेका स्पर्धेची एकूण बक्षिसे साधारण एक लाख डॉलरांची होती आणि वर्षाअखेर अवघ्या पाच जणांना कार्ड मिळाले. त्याच वर्षी युटातली स्पर्धा जिंकलेला जॉन डेली पुढच्याच वर्षी पीजीए चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेचा विजेता झाला, तेव्हा या टूरकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलली. त्यानंतर प्रायोजक बदलत गेले तशी नावेही बदलली : नायके, बाय डॉट कॉम, नेशनवाइड, वेब डॉट कॉम आणि २०१९ च्या मध्यापासून कॉर्न फेरी. ही शेवटची कंपनी मोठमोठ्या संस्थांना वरिष्ठ पदांसाठी माणसे शोधून देते, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे.

हंगामात साधारण पंचवीस-सव्वीस स्पर्धा असतात. जानेवारीत बहामा बेटांवर सुरुवात होते. मग पनामा, कोलंबिया, अर्जेंटिना आणि चिली असा दक्षिणेकडचा प्रवास होतो आणि वसंत ऋतूत सगळा लवाजमा अमेरिकेत परततो. तिथून पुढे ऑक्टोबरपर्यंत जॉर्जिया, टेक्सास, कॅन्सस, टेनेसी, इलिनॉय, मिसुरी, युटा, नेब्रास्का, आयडाहो अशी गावोगावची फेरी चालते. प्रत्येक स्पर्धा चार फेऱ्यांची, म्हणजे ७२ होलची. नेहमीच्या स्पर्धेत साधारण दीडशे खेळाडू उतरतात. दोन फेऱ्यांनंतर पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे खेळाडू पुढे जातात, बाकीचे घरी. शेवटच्या चार स्पर्धांना ‘फायनल्स’ म्हणतात. त्यांत विजेत्याला ६०० गुण असतात आणि स्पर्धागणिक खेळाडूंची संख्या घटत जाते.

हे वेळापत्रक वाचताना एक गोष्ट सुटते आणि माझ्या मते सबंध हंगामाची किल्ली तिच्यात आहे : सर्वांना सर्व स्पर्धा खेळायला मिळत नाहीत. आदल्या वर्षी पहिल्या ७५ जणांत राहिलेल्या खेळाडूचे वर्षाचे वेळापत्रक त्याच्या हातात असते. पात्रता स्पर्धेतून, म्हणजे क्यू-स्कूलमधून, आलेल्या खेळाडूंना मात्र सुरुवातीच्या मोजक्याच स्पर्धांची हमी मिळते. त्यानंतर आतापर्यंत मिळवलेल्या गुणांनुसार त्यांचा क्रम नव्याने लावला जातो. याला ‘रीशफल’ म्हणतात आणि नवख्या खेळाडूच्या पोटात गोळा आणणारा याहून मोठा शब्द या टूरवर नाही. बहामातल्या वाऱ्यात आणि बोगोटाच्या विरळ हवेत ज्याचे सुरुवातीचे दीड-दोन महिने वाया गेले, त्याला मे महिन्यात खेळायलाच मिळेल की नाही याची खात्री नसते. आणि खेळायलाच मिळाले नाही, तर तो एक मोठा आठवडा येणार कुठून?

अशा खेळाडूसाठी दोन खिडक्या उघड्या राहतात. एखाद्या स्पर्धेत पहिल्या २५ जणांत आलेल्याला पुढच्या स्पर्धेत प्रवेश मिळतो; म्हणून अशा खेळाडूचा रविवारी सत्तावीसवा क्रमांक आणि चोविसावा क्रमांक यांतला फरक गुणांपेक्षा कितीतरी मोठा असतो. दुसरी खिडकी सोमवारच्या पात्रता फेरीची. अठरा होलची एकच फेरी, दाखल झालेले खेळाडू ढिगाने आणि जागा मोजक्या. पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या अपेक्षित फटक्यांपेक्षा, सात-आठ फटके कमी केल्याशिवाय तिथे सहसा निभाव लागत नाही; गोल्फमध्ये फटके जितके कमी तितके चांगले. या सोमवारच्या फेरीचे सर्वांत देखणे उदाहरण मात्र वरच्या फळीतले आहे. भारताच्या अर्जुन अटवालने २००८ मध्ये याच टूरवर, तेव्हाच्या नेशनवाइड टूरवर, चॅटनूगा क्लासिक जिंकली होती. २०१० मध्ये पीजीए टूरवरचे स्थान गमावल्यानंतर तो सोमवारची फेरी खेळून विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये शिरला आणि ती स्पर्धा जिंकून गेला. सोमवारच्या फेरीतून येऊन पीजीए टूरची स्पर्धा जिंकणारा त्याच्या आधीचा खेळाडू थेट १९८६ सालचा होता.

मोठा आठवडा काय करू शकतो हे २०२४ च्या मॅट मॅकार्टीकडे पाहून कळते. आधीच्या दोन पूर्ण हंगामांत त्याला एकही विजय मिळाला नव्हता. मग जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत त्याने मिसुरी, नेब्रास्का आणि आयडाहोतल्या स्पर्धा जिंकल्या. एका हंगामात तीन विजय मिळवणाऱ्याला वर्ष संपण्याची वाट न पाहता लगेच पीजीए टूरवर पाठवले जाते, असा नियम १९९७ पासून आहे. रणांगणावर मिळालेली बढती असे त्याचे तिकडे वर्णन करतात. मॅकार्टी वर गेला आणि ऑक्टोबरमध्ये युटातली ब्लॅक डेझर्ट चॅम्पियनशिप जिंकून मोकळा झाला. २००५ मधली जेसन गोरची कथा याहून विलक्षण आहे. त्या वर्षी पाइनहर्स्टच्या यूएस ओपनमध्ये तो शेवटच्या दिवशी शेवटच्या जोडीत खेळला आणि ८४ फटके मारून कोसळला. त्यानंतर दुसऱ्या फळीत परत येऊन त्याने लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या, त्यांतल्या एकीत ५९ ची फेरीही केली, बढती मिळवली आणि सप्टेंबरात पीजीए टूरवरही जिंकला. असा बहर आधी ओळखता येत नाही. म्हणून तर खेळाडूला प्रत्येक आठवड्याला तोच आठवडा समजून हजर राहावे लागते.

याच्या उलट टोकाला विल झालाटोरिस आहे. २०२० मध्ये साथीमुळे त्या वर्षीची बढती रद्द झाली आणि २०२० व २०२१ हे दोन हंगाम जोडून एकच करण्यात आला. झालाटोरिस तेव्हा गुणांत सर्वांच्या पुढे होता. नेहमीचे वर्ष असते तर त्याचे कार्ड पक्के होते, पण द्यायला कार्डच नव्हते. त्याने त्याच वर्षीच्या यूएस ओपनमध्ये सहावा क्रमांक बरोबरीत मिळवला, त्या जोरावर पीजीए टूरचे तात्पुरते सदस्यत्व घेतले आणि २०२१ च्या मास्टर्समध्ये तो उपविजेता ठरला. शिडीच काढून घेतली तर भिंतीवरून चढून जाणारे असतात. पण ते मोजकेच.

आता तुमच्या ‘किंमत’ या शब्दाबद्दल. विजयाला झुकते माप देणे मला गैर वाटत नाही, कारण गोल्फमध्ये जिंकणे हे वेगळेच कौशल्य आहे. रविवारी दुपारी आघाडीवर असताना हात स्थिर ठेवणे सरावाच्या मैदानावर शिकता येत नाही. कार्डांची संख्या तीसवरून वीसवर आणणे मात्र मला सहजासहजी पटत नाही. एकविसावा आणि एकोणिसावा यांच्यात सबंध हंगामातल्या एखाद-दुसऱ्या ‘पट’चा, म्हणजे होलजवळच्या ग्रीन या गुळगुळीत हिरवळीवरच्या हलक्या फटक्याचा, फरक असू शकतो. अर्थात दुसरी बाजूही आहे. तीस कार्डे वाटली जात होती तेव्हा शेवटच्या काही जणांना वर गेल्यावर पुरेशा स्पर्धाच मिळत नव्हत्या, कारण तिथली यादी आधीच भरलेली असे. हातात कार्ड आहे पण मैदानावर जागा नाही, अशी त्यांची गत होई. म्हणून कार्डे कमी करून प्रत्येकाला खरी संधी द्यावी, हा टूरचा युक्तिवाद खोडून काढता येत नाही.

प्रश्न : या खेळाडूंचे पोट भरते का? दहा लाख डॉलरांची स्पर्धा म्हटल्यावर ऐकायला तर रक्कम मोठी वाटते.

उत्तर : ऐकायला मोठी आहे आणि पूर्वीच्या मानाने खरोखरच मोठी आहे, २०२३ पासून नेहमीच्या स्पर्धेची एकूण बक्षिसे दहा लाख डॉलर झाली, फायनल्समध्ये ती पंधरा लाख असतात. विजेत्याला एकूण रकमेच्या १८ टक्के, म्हणजे १,८०,००० डॉलर मिळतात. पण कट पार करून साठाव्या-पासष्टाव्या क्रमांकावर संपवणाऱ्याच्या हाती चार हजार डॉलरांच्या आसपास पडतात आणि कट हुकलेल्याच्या हाती काहीच पडत नाही. क्रिकेटपटूला सामना हरला तरी मानधन मिळते. इथे शुक्रवारी एक फटका जास्त झाला, तर सोमवारपासूनचा सगळा आठवडा स्वतःच्या खिशातून गेला.

खर्च मात्र कट पाहून येत नाहीत. विमान, गाडी, खोली, जेवण आणि कॅडी, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस, हे सगळे ठरलेलेच असते. कॅडीला आठवड्याचा ठरावीक मेहनताना द्यावा लागतो आणि त्यावर बक्षिसातला वाटा : कट पार केल्यास साधारण ५ टक्के, पहिल्या दहांत आल्यास ७ आणि विजयावर १० अशी जुनी रीत आहे. उरलेल्या रकमेवर केंद्राचा कर, शिवाय ज्या ज्या राज्यात खेळले त्यांपैकी बहुतेक राज्यांचा कर. एका हंगामात डझनभर राज्यांची विवरणपत्रे भरणारा चोवीस वर्षांचा मुलगा हे इथले नेहमीचे चित्र आहे.

मग भागते कसे? वरच्या तीसेक जणांचे चांगले भागते. मधल्यांचे मात्र गोल्फचे साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांच्या करारांवर आणि काही वेळा त्यांच्यावर पैसे लावणाऱ्या हितचिंतकांवर भागते. त्यात एक जुनी, मला फार आवडणारी सोय आहे : स्पर्धेच्या गावातली कुटुंबे खेळाडूंना आठवडाभर आपल्या घरी ठेवून घेतात. काही खेळाडू वर्षानुवर्षे त्याच घरी उतरतात आणि पुढे मोठे झाल्यावरही त्या घराशी नाते ठेवतात. हॉटेलच्या खोलीचे पैसे वाचतात हे तर आहेच. पण कट हुकलेल्या संध्याकाळी कुणीतरी समोर जेवायला बसलेले असते, हेही कमी नाही.

वरच्या फळीशी तुलना केली की सगळे प्रमाण कळते. पीजीए टूरच्या दोन कोटी डॉलरांच्या निवडक स्पर्धांत एकट्या विजेत्याला किमान ३६ लाख डॉलर मिळतात, म्हणजे कॉर्न फेरी टूरवरच्या साडेतीन स्पर्धांत सगळ्या खेळाडूंना मिळून जेवढे वाटले जातात त्याहूनही अधिक. शिवाय २०२३ पासून पूर्ण सदस्यत्व असलेल्या खेळाडूला पीजीए टूर पाच लाख डॉलरांच्या किमान कमाईची हमी देते, त्याने पंधरा स्पर्धा खेळल्या की झाले. विसावा आणि एकविसावा यांच्यामधली रेघ म्हणजे ही हमी. पूर्वी दुसऱ्या फळीची वर्षाची क्रमवारी डॉलरांवरच लागत असे, आता ती गुणांवर लागते. पण फायनल्सच्या शेवटच्या दिवशी गुण मोजणाऱ्याच्या डोक्यात डॉलर नसतात असे समजण्याचे कारण नाही.

प्रश्न : या टूरवर एका फेरीत ५७ फटक्यांचा विक्रम झाल्याचे वाचले. मग इथली मैदाने सोपी आहेत असे समजायचे का?

उत्तर : विक्रम खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये चिलीच्या क्रिस्तोबाल देल सोलारने बोगोटाच्या कंट्री क्लबवर पार ७० च्या मैदानावर ५७ फटक्यांत, म्हणजे पारपेक्षा १३ कमी, फेरी पूर्ण केली. पीजीए टूरच्या अखत्यारीतल्या कोणत्याही स्पर्धेत यापूर्वी इतकी कमी फटक्यांची फेरी झाली नव्हती. बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचावर आहे. तिथे हवा विरळ असल्याने चेंडूला होणारा अडथळा कमी होतो आणि तो दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक लांब जातो. लांबीचे होल आखूड वाटू लागतात. पण ही सोय सर्वांनाच होती आणि ५७ एकालाच जमले. गंमत म्हणजे ती स्पर्धा देल सोलारला जिंकता आली नाही; जिंकला केव्हिन वेलो. चार दिवसांच्या खेळात एक दिवस कितीही सोन्याचा असला तरी उरलेले तीन मोजावेच लागतात.

उंचीचा खरा त्रास लांब जाण्यात नाही, नेमके अंतर काढण्यात आहे. व्यावसायिक खेळाडूला आपल्या प्रत्येक क्लबने, म्हणजे काठीने, चेंडू किती यार्ड जातो हे पाठ असते, आणि बोगोटात ते पाठांतर निरुपयोगी होते. आदल्या आठवड्यात पनामाच्या दमट, समुद्रालगतच्या हवेत खेळलेले, पुढच्या स्पर्धेला पुन्हा सखल प्रदेशात जायचे. मधले चार दिवस तेवढे सगळे आकडे नव्याने मांडायचे. बहामात याच्या अगदी उलट. तिथल्या स्पर्धा समुद्राच्या काठावर होतात आणि वारा उठला की पार हीच मोठी कमाई ठरते. म्हणून मैदाने सोपी आहेत असे न म्हणता, ती एकमेकांसारखी नाहीत असे मी म्हणेन. पुढे अमेरिकेत उन्हाळ्यात हवा स्थिर आणि ग्रीन मऊ असतात, तेव्हा मात्र तुमचे म्हणणे बऱ्याच अंशी लागू पडते : तिथे चार दिवसांत पारपेक्षा वीस कमी करणारे अनेक असतात आणि पार राखत बसणारा शुक्रवारीच बाहेर पडतो.

कमी फटक्यांचे दुसरे नाव स्टेफान येगरचे. या जर्मन खेळाडूने २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात ५८ ची फेरी केली. त्यानंतर तो वर गेला, टिकला नाही, परत आला. या टूरवर त्याने एकूण सहा विजय मिळवले आणि दोन वर्षे जोडून झालेल्या २०२०–२१ च्या हंगामात तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पीजीए टूरवरचा पहिला विजय त्याला मार्च २०२४ मध्ये ह्यूस्टनला मिळाला, म्हणजे ५८ नंतर जवळजवळ आठ वर्षांनी. त्या दिवशी एका फटक्याने मागे राहिलेल्यांत स्कॉटी शेफलर होता, जो स्वतः २०१९ मध्ये याच टूरवर दोन स्पर्धा जिंकून वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू झाला होता. एकच शिडी, एकाला ती एका वर्षात संपली आणि दुसऱ्याला आठ वर्षे पुरली.

प्रश्न : असे दौरे इतरत्रही आहेत का?

उत्तर : आहेत. युरोपात पूर्वीची चॅलेंज टूर, जी २०२५ पासून हॉटेलप्लॅनर टूर या नावाने चालते, ती डीपी वर्ल्ड टूर या तिथल्या वरच्या फळीसाठी हेच काम करते. महिलांसाठी अमेरिकेत एप्सन टूर आहे. ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे, म्हणजे वयाने कॉर्न फेरी टूरपेक्षा मोठी, आणि तिथून एलपीजीए टूर या महिलांच्या वरच्या फळीत जाता येते. कॉर्न फेरी टूरच्याही खाली पीजीए टूर अमेरिकाज नावाची आणखी एक पायरी २०२४ पासून आहे. तिच्या गुणतालिकेतले पहिले दहा जण कॉर्न फेरी टूरवर येतात. २०२४ मध्ये तिथे पहिला आलेला जॉनी कीफर २०२५ मध्ये इथेही पहिला आला, म्हणजे दोन वर्षांत दोन पायऱ्या. याखेरीज अमेरिकी महाविद्यालयांतल्या उत्तम खेळाडूंना पदवीनंतर थेट या टूरवर प्रवेश देणारी योजना आहे. त्यांच्यातल्या पहिल्या क्रमांकाला तर २०२३ पासून सरळ पीजीए टूरचेच कार्ड मिळते. स्वीडनचा लुडविग ओबर्ग हा त्या वाटेने गेलेला पहिला खेळाडू.

प्रश्न : शेवटच्या आठवड्यात काय होते? आणि जे राहून जातात ते कुठे जातात?

उत्तर : अलीकडच्या हंगामांची शेवटची स्पर्धा इंडियाना राज्यातल्या फ्रेंच लिक इथे पीट डाय यांनी आखलेल्या मैदानावर झाली. टेकडीवरचे, अतिशय लांब आणि उताराचे हे मैदान आहे. चेंडू थोडा भरकटला की सपाट जागेवरून मारायला मिळत नाही. तिथे चारही दिवस दोन स्पर्धा एकाच वेळी चालू असतात : एक ती चषकाची आणि दुसरी विसाव्या क्रमांकाची. दुसरीचा फळा दर काही मिनिटांनी बदलतो, कारण प्रत्येकाचे स्थान इतरांच्या गुणांवरही अवलंबून असते. सकाळी लवकर खेळून क्लब हाऊसमध्ये येऊन बसलेला एकविसाव्या क्रमांकाचा खेळाडू दुपारभर दुसऱ्यांचे पट पाहत राहतो. त्याच्या हातात आता काहीच नसते. काही जण फळ्याकडे पाहतच नाहीत आणि शेवटच्या ग्रीनवर कॅडीच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखतात. संध्याकाळी कार्ड मिळालेले वीस जण ग्रीनवर रांगेत उभे राहून छायाचित्र काढून घेतात.

जे राहतात त्यांतल्या एकविसाव्यापासून पंच्याहत्तराव्यापर्यंतच्या खेळाडूंना पुढच्या वर्षीचे कॉर्न फेरी टूरवरचे स्थान असतेच. त्याखालच्यांचा हक्क पातळ होत जातो आणि अखेरीस संपतो. या दोन्ही गटांतले अनेक जण मग क्यू-स्कूलकडे वळतात. तिचे टप्पे शरद ऋतूत सुरू होतात आणि अंतिम टप्पा डिसेंबरात फ्लोरिडात होतो. प्रवेश शुल्कच काही हजार डॉलरांचे असते. २०१२ पर्यंत या क्यू-स्कूलमधून बऱ्याच जणांना थेट पीजीए टूरचे कार्ड मिळत असे. २०१३ पासून ती वाट बंद झाली आणि तिथून फक्त दुसऱ्या फळीत येता येऊ लागले. २०२३ पासून पहिल्या पाचांसाठी ती पुन्हा किलकिली झाली आहे. त्यांच्या मागच्या साधारण चाळीस जणांना कॉर्न फेरी टूरवर जागा मिळते, आणि त्यांत जो जितका वर, त्याला तितक्या अधिक स्पर्धांची हमी.

त्यामुळे डिसेंबरच्या मध्यावर ज्याचे क्यू-स्कूल संपते, त्याला विश्रांतीसाठी जेमतेम महिना मिळतो. बहामातल्या स्पर्धा इतरांसारख्या गुरुवारी सुरू होत नाहीत. त्या रविवारी सुरू होऊन बुधवारी संपतात. पहिल्या रविवारच्या वेळा लागतात तेव्हा गेल्या वर्षीचा एकविसावा, क्यू-स्कूलचा चाळिसावा आणि महाविद्यालयातून नुकताच आलेला तरुण यांच्या नावापुढे गुणांच्या रकान्यात एकच आकडा असतो : शून्य.